अजिंठ्याचा जॉन स्मिथ नक्की कोण? आणि बाकीचे सगळे जॉन स्मिथ

गोदाकाठ
मागच्या महिन्यात आईबाबांना घेऊन अजिंठ्याला गेलेलो. दहा नंबरच्या लेण्यात गाईडने टॉर्च मारून खांबावर इंग्रजीत खरडलेलं नाव दाखवलं. जॉन स्मिथ, २८वी कॅव्हलरी, २८ एप्रिल १८१९. हाच तो मद्रास आर्मीतला ऑफिसर, वाघाच्या शिकारीला आलेला आणि वाघूर नदीच्या पलीकडच्या कड्यावरून त्याला लेण्याची कमान दिसली. गोष्ट शाळेपासून माहितीये पण नाव प्रत्यक्ष पहिल्यांदाच बघितलं, आणि ते आपल्या डोक्याच्या बरंच वर आहे. आई म्हणाली एवढा उंच होता का हा? तर गाईड म्हणाला नाही हो, त्या वेळी आत पाचेक फूट माती न दगड साचलेले, त्या ढिगाऱ्यावर उभं राहून लिहिलंय.

घरी आल्यावर म्हटलं बघू हा माणूस पुढे कुठे गेला, घरी पत्रात काय लिहिलं, मेला कुठे. सर्च केलं तर जॉन स्मिथांचा पूर आला. अमेरिकेतला कॅप्टन, ब्रिटनमधला पुढारी, पैलवान, बिअर, स्टेडियम, सगळे जॉन स्मिथ. आमचा अजिंठ्याचा कुठेतरी तळाला, आणि त्याच्याबद्दल जे मिळतं ते सगळं त्या खांबावरच्या ओळीतूनच आलेलं. मला खरंच हळहळ वाटली. एवढी मोठी गोष्ट याच्या हातून झाली आणि नाव असं की त्या नावाने शोधताच येत नाही.

तुम्हाला कुठले जॉन स्मिथ माहितीयेत ते लिहा. आणि इतकं कॉमन नाव असलेला माणूस इतिहासात शोधायचा कसा तेही कोणी जाणकार असेल तर सांगा.

चकली
मला एकच माहितीये, पोकाहॉन्टसचा नवरा, ती पिक्चरमधली अमेरिकेतली आदिवासी राजकन्या :)

लीड्सकर
@चकली नवरा नाही हो! हा घोळ सगळ्यांचा होतो. पोकाहॉन्टसने १६१४ मध्ये लग्न केलं ते जॉन रॉल्फशी, तो तंबाखूची शेती करणारा. जॉन स्मिथ वेगळा. तो १६०७ ला व्हर्जिनियात इंग्रजांची जेम्सटाऊनची वसाहत झाली तेव्हाचा. त्या वेळी ती जेमतेम दहा-अकरा वर्षांची पोर होती, त्यामुळे त्यांचं प्रेमबीम सगळं पिक्चरवाल्यांचं. स्मिथ १६०९ मध्ये बारूद पेटून भाजला आणि इंग्लंडला परत गेला तो व्हर्जिनियाला परत कधी आलाच नाही. ती नंतर लंडनला आली आणि परतीच्या वाटेवर १६१७ मध्ये ग्रेव्हसेंडला वारली, वय वीस-एकवीस. मी तिथला तिचा पुतळा बघितलाय, वाईट वाटतं बघताना.

चकली
अरे देवा, म्हणजे दोन्ही जॉनच. माझी मुलगी हे वाचून नाराज होणार.

तालीमवाला
आमच्यासाठी जॉन स्मिथ एकच. ओक्लाहोमाचा पैलवान. ८८ सोल आणि ९२ बार्सिलोना दोन्हीकडे ६२ किलोत फ्रीस्टाईलचं सोनं. ८७ पासून ९२ पर्यंत दरवर्षी जागतिक नाहीतर ऑलिंपिक, एक तरी सोनं घेतलंच, सलग सहा वर्षं! त्याचा डाव म्हणजे एकेरी पट, पण आपण गुडघ्याशी धरतो तर हा पार घोट्याशी जायचा, समोरच्याला कळायच्या आत पाय हातात. आमचे वस्ताद जुन्या व्हिडिओ कॅसेटवर त्याच्या कुस्त्या लावायचे आणि थांबवून थांबवून दाखवायचे, बघ डोकं कुठंय, बघ खांदा कुठंय. खाशाबांनी ५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं ते गादीची सवय नसताना, आणि हा गादीवरच वाढलेला, हा फरक वस्ताद नेहमी सांगायचे.

नाव कॉमन असलं म्हणून काय झालं, कुस्तीत जॉन स्मिथ म्हटलं की दुसरा कोणी आठवत नाही.

टेस्टर
आयटीत पंधरा वर्षं झाली, टेस्ट डेटात पहिलं नाव जॉन स्मिथच टाकतो. आमच्या एका जुन्या प्रोजेक्टमध्ये (कंपनी सांगत नाही) लाइव्ह सिस्टिम सुरू करताना कोणीतरी टेस्ट रेकॉर्ड्स साफ केली, त्यात खरेखुरे दोन-तीन ग्राहक पण उडाले. बिचारे खरंच जॉन स्मिथ होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातला एकजण फोनवर इतक्या शांतपणे बोलला, म्हणाला सवय आहे मला. ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. तेव्हापासून मी टेस्टसाठी खऱ्या माणसाचं असू शकेल असं नाव वापरत नाही.

पुस्तककिडा
गोदाकाठ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मी लायब्ररीत कॅटलॉगिंग केलंय वीस वर्षं. आमच्याकडे याला उपाय आहे तो म्हणजे साल. नाव उलटं लिहायचं, आडनाव आधी, मग नाव, मग जन्म-मृत्यूची सालं. स्मिथ, जॉन, १५८०-१६३१ म्हणजे जेम्सटाऊनचा कॅप्टन. स्मिथ, जॉन, १९३८-१९९४ म्हणजे लेबर पार्टीचा पुढारी. सालं मिळाली नाहीत तर हुद्दा, पेशा, गाव, जे हाताशी असेल ते लावायचं. एकाचं पुस्तक दुसऱ्याच्या नावावर गेलं की वाचकाची फसगत होते, आणि लेखकावर तर अन्यायच.

गंमत बघा, आपल्याकडे ही सोय नावातच आहे. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. एका वर्गात चार संतोष जाधव असले तरी वडिलांच्या नावावर सुटतात. यांच्याकडे मधलं नाव असतं पण ते बापाचंच असेल असं नाही, आणि हे साहेब तर खांबावर मधलं नाव न लिहिताच गेले.

रानवाट
धाग्याचा सूर मला पटलेला नाही. ज्या माणसाने दीड हजार वर्षं जुन्या बोधिसत्त्वाच्या चित्रावर स्वतःचं नाव खरवडलं त्याच्याबद्दल हळहळ कशाला? आज तुम्ही-आम्ही हे केलं तर १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. आणि "शोध लावला" म्हणजे काय? खालच्या गावातल्या लोकांना, गुराख्यांना लेणी माहिती नव्हती का? त्यांची नावं कुठल्या खांबावर आहेत? साहेबाला वाट दाखवणारा जो कोणी असेल त्याचं नाव कोणी विचारलं पण नसेल.

गोदाकाठ
@रानवाट शोध हा शब्द चुकीचा आहे हे मान्य. लेणी बाहेरच्या जगाला कळली म्हणू. चित्रावर लिहिलं त्याचा मलाही राग आला, तिथे उभा असतानाच आला. पण राग येतो म्हणून तो कोण होता हे शोधू नये असं नाही ना.

फर्दापूर
मी तिथलाच. लहानपणापासून लेण्यांवर जातो. रानवाटांशी सहमत, आमच्याकडे म्हातारी माणसं म्हणायची लेणी हरवलीच कधी होती.

पण १८१९ चं थोडं सांगतो. गोरे लोक या भागात आधीपासून होते. १८०३ ला असईची लढाई झाली तेव्हा इंग्रजांचा सेनापती वेलस्ली याचे जखमी सैनिक अजिंठा गावातल्या किल्ल्यात आणून ठेवलेले, लेण्यांपासून हाकेच्या अंतरावर म्हणा ना. तरी लेण्यांपर्यंत कोणी गेल्याची नोंद नाही. मग १८१८ ला पेशवाई संपली आणि १८१९ च्या एप्रिलमध्येच, ९ तारखेला, वर बुऱ्हाणपूरच्या पुढचा असीरगड इंग्रजांनी घेतला. म्हणजे हा नाव लिहितोय त्याच्या तीन आठवडे आधी. सगळा खानदेश त्या दिवसांत पलटणींनी भरलेला असणार. त्यात एक जॉन स्मिथ म्हणजे सुईच.

आणि तो एप्रिलचा शेवट होता हे विसरू नका. त्या दिवसांत आमच्या डोंगरावर एक हिरवं पान नसतं. पावसाळ्यात पलीकडच्या कड्यावरून कमान एवढी उघडी दिसत नाही, झाडोरा आडवा येतो.

लीड्सकर
फर्दापूर, शेवटचा मुद्दा फार आवडला. हे कुठे वाचलं नव्हतं.

मी राहतो तिथून जवळच टॅडकॅस्टर म्हणून गाव आहे, तिथे जॉन स्मिथ बिअरची ब्रूअरी. मूळ ब्रूअरी १७५८ ची, जॉन स्मिथ नावाच्या माणसाने १८४७ ला विकत घेतली. पुढे घरात वाटण्या झाल्या आणि त्याच गावात सॅम्युएल स्मिथ नावाची दुसरी ब्रूअरी उभी राहिली, एकाच खानदानातली दोन नावं एकाच गावात समोरासमोर. जॉन स्मिथ बिअरचं नाव हडर्सफील्डच्या स्टेडियमला पण बरीच वर्षं होतं, ग्रँड नॅशनल घोड्यांच्या रेसला पण. ग्लासगोत १७५१ मध्ये जॉन स्मिथ नावाचं पुस्तकाचं दुकानही निघालं होतं. इथे कोणालाच त्यात काही वेगळं वाटत नाही.

म्हापसेकर
आमच्या गोव्यात ये. बाप्तिस्मा झाला तेव्हा पाद्रीचं नाहीतर गॉडफादरचं आडनाव लागलं, त्यामुळे अख्ख्या वाड्यावर फर्नांडिस नाहीतर डिसोझा. त्यात नावं पण तीच, आंतोन, जुझे, जुआंव. मग पोस्टमन काय करणार? घराला नाव असतं, माणसाला टोपणनाव असतं, त्यावरच पत्र पोचतं. मयताची जाहिरात पेपरात येते त्यात पण कंसात टोपणनाव टाकतात, नाहीतर लोक भलत्याच घरी रडायला जायचे.

जुआंव म्हणजे जॉनच बरं का. आणि फेरेरा आडनावाचं मूळ लोखंडाशी आहे. म्हणजे जुआंव फेरेरा हा जवळजवळ जॉन स्मिथच झाला. बायबलचं पोर्तुगीज भाषांतर करणारा माणूस कोण? जुआंव फेरेरा दि आल्मेदा, सतराव्या शतकातला, बटाव्हियात (आजचं जकार्ता) बसून केलं त्याने.

पुस्तककिडा
म्हापसेकर, वा! मग ही यादी वाढवू. स्मिथ म्हणजे लोहार हे सगळ्यांना माहिती असेलच. जॉन मूळचा हिब्रू योहानान, देवाची कृपा अशा अर्थाचा. मराठी बायबलात योहान. तर जॉन स्मिथचे सख्खे भाऊ असे: पोलंडमध्ये यान कोवाल्स्की, आणि तिकडे फॉर्मवर नमुना म्हणून हेच नाव छापतात. हंगेरीत कोवाच यानोश, ते आडनाव आधी लिहितात. रशियात इवान कुझनेत्सोव. जर्मनीत हान्स श्मिट. स्पेनमध्ये हुआन एरेरो. इटलीत जोव्हानी फेरारी, हो, फेरारीचा पण अर्थ लोहारच्या आसपासच, आणि जोव्हानी फेरारी नावाचा फुटबॉलपटू १९३४ आणि १९३८ दोन्ही वर्ल्डकप जिंकणाऱ्या इटलीच्या टीममध्ये होता.

म्हणजे अर्ध्या युरोपात हा माणूस आहे. आपल्यात म्हटलं तर योहान लोहार.

टेस्टर
म्हणजे गाडी फेरारी म्हणजे लोहाराची गाडी. आमच्या गल्लीतल्या लोहारकाकांना सांगतो, खूश होतील.

सातबारा
एक गोष्ट सुचली म्हणून लिहितोय. सगळे म्हणतायत स्मिथ इतके कसे. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत चोवीस लाखांवर स्मिथ निघाले, सगळ्यात जास्त असलेलं आडनाव. पण जिथून हे नाव आलं तिथे ते कॉमन नसणार! विचार करा, गावात शेतकरी शंभर, त्यामुळे शेतकरी म्हणून कोणाची ओळख पटणार नाही. लोहार एकच, नाहीतर दोन. म्हणून "जॉन लोहार" म्हटलं की गावात बरोब्बर एकच माणूस डोळ्यासमोर. नाव ठेवलं ते वेगळा ओळखू यावा म्हणूनच. पण प्रत्येक गावात असा एक, आणि हजारो गावं. सगळे शहरात न पलटणीत आले की झाला गोंधळ.

आपले पाटील तेच की. गावात पाटील म्हणजे एक घर. कुलकर्णी, देशमुख, सगळं तसंच, हुद्दा गावात एकच. आणि आता पुण्यात कुठल्याही सोसायटीत पाटील म्हणून हाक मारली तर सहाजण वळतात. मी तलाठी ऑफिसात होतो, उताऱ्यावर एकाच नावाचे दोन खातेदार, वडिलांचं नाव पण तेच, आज्याच्या नावावर सोडवलेत फेरफार.

चकली
सातबारा, हे वाचून अंगावर काटा आला. म्हणजे त्या नावाचा पहिला माणूस त्याच्या गावात एकटाच होता.

डार्विनभक्त
जॉन मेनार्ड स्मिथ चालेल का? जीवशास्त्रज्ञ, १९२० ते २००४. प्राण्यांच्या भांडणांना त्याने गेम थिअरी लावली. दोन हरणं शिंगाला शिंग लावतात पण सहसा जीव घेत नाहीत, असं का, याचं गणित त्याने आणि जॉर्ज प्राइसने १९७३ मध्ये मांडलं. ससाणा आणि कबुतर हे त्यातलं प्रसिद्ध उदाहरण. आधी हा विमानांचा इंजिनिअर होता, युद्धानंतर ते सोडून जीवशास्त्रज्ञ हाल्डेनकडे शिकायला गेला, तेच हाल्डेन जे १९५७ ला भारतात आले, इथलं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ ला भुवनेश्वरला वारले.

तालीमवाला
मेनार्ड मध्ये आलं ना. फाऊल.

डार्विनभक्त
मेनार्ड लावलं म्हणूनच तर सापडतो! आमच्या अजिंठेवाल्याने एक मधलं नाव लिहिलं असतं तर गोदाकाठ आज एवढे वणवण फिरले नसते.

स्कॉटलंडची माई
१९३८-१९९४ वाल्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी तेव्हा नवीनच इकडे आलेले. जॉन स्मिथ लेबरचे नेते झाले १९९२ ला, पुढचे पंतप्रधान हेच असं सगळे धरून चाललेले. १२ मे १९९४ ला सकाळी हार्ट अटॅकने गेले, वय ५५. आमच्या शेजारची बाई टोरीला, म्हणजे विरुद्ध पक्षाला, मत देणारी, ती पण कुंपणापाशी उभी राहून रडत होती. नंतर टोनी ब्लेअर आले आणि पुढचं सगळ्यांना माहितीच आहे.

त्यांना आयोना बेटावर पुरलंय, स्कॉटलंडच्या जुन्या राजांचं दफनस्थान म्हणतात तिथे. मी दोनदा गेलेय. वारा इतका असतो की उभं राहवत नाही. दगडावर नाव, आणि खाली कवितेची ओळ आहे, प्रामाणिक माणूस ही देवाची सगळ्यात थोर निर्मिती अशा अर्थाची. एवढं साधं नाव त्या दगडावर फार शोभून दिसतं. कॉमन नाव म्हणजे हरवलेलं नाव असं मला तरी वाटत नाही.

रानवाट
माई, छान लिहिलंत. वसाहतवाल्या कॅप्टनचं एक मात्र सांगावंसं वाटतं. १६१४ ला त्याने उत्तरेकडचा किनारा फिरून नकाशा केला आणि त्या भागाला न्यू इंग्लंड म्हटलं, ते नाव आजही चालतं. तिथल्या एका छोट्या बेटांच्या पुंजक्याला मात्र त्याने स्वतःचं नाव दिलं, स्मिथची बेटं. ते टिकलं नाही, आता त्यांना आयल्स ऑफ शोल्स म्हणतात. आणि दोन्हीकडे आधी राहणाऱ्या लोकांची नावं होतीच, ती पुसूनच हे सगळं झालं.

फर्दापूर
आता दहा नंबरचीच आणखी एक गोष्ट, ती गाईड गर्दीत सांगत नाहीत. त्याच लेण्याच्या दर्शनी कमानीवर ब्राह्मी लिपीत एक ओळ आहे, दोन हजार वर्षांच्या वरची. अर्थ असा की वासिष्ठीपुत्र कटहादी याने हे घरमुख दान दिलं. म्हणजे दर्शनी भाग त्याच्या खर्चाने झाला. कोण हा कटहादी? त्याच्याबद्दल पण आपल्याकडे ती एक ओळच.

तो पण आपला साधा माणूसच असेल, पण आईचं नाव लावून गेला. सातवाहन काळात ती रीत होतीच, गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र.

सातबारा
आईच्या नावावर फेरफार सुटला म्हणायचं.

पुस्तककिडा
फर्दापूर, हात जोडले तुम्हाला. एका लेण्यात दोन नावं. एकाने कमान दिली त्याचं, एकाने चित्र खरवडलं त्याचं. आणि शाळेच्या पुस्तकात दुसरं!

गोदाकाठ
मी दोन दिवस हा धागा परत परत वाचतोय. कटहादीची ओळ माझ्या डोक्यावर होती आणि मी खाली मान घालून बूट काढत होतो, वर बघितलंच नाही. गाईडला दोष नाही, मी विचारलं असतं तर त्याने दाखवलं असतं.

स्मिथबद्दल माझं म्हणणं थोडं बदललंय. रानवाट म्हणतात तसा तो गुन्हाच आहे. पण त्या ओळीत पलटण आहे आणि तारीख आहे, म्हणूनच १८१९ ला आत पाच फूट ढिगारा होता हे आज कळतं. लेण्यांवर विल्यम अर्स्किनचा निबंध मुंबईच्या लिटररी सोसायटीत वाचला गेला तो १८२२ मध्ये, ते त्याच्या नंतर तीन वर्षांनी. मग रॉबर्ट गिलने १८४४ पासून चित्रांच्या नकला केल्या, त्यातल्या बऱ्याच १८६६ ला क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून बसले, त्यांच्या पण बऱ्याच नकला १८८५ ला लंडनमध्ये आगीत गेल्या. तो गिल भुसावळला पुरलाय, त्याची कबर सापडते. आमच्या स्मिथची नाही.

पुस्तककिडा, कॅटलॉगला कसं लिहाल?

पुस्तककिडा
स्मिथ, जॉन (२८वी कॅव्हलरी), हयात १८१९. एवढंच लिहिता येईल. "हयात" हा शब्द आम्ही अशा वेळी वापरतो, जन्म माहिती नाही, मृत्यू माहिती नाही, पण त्या दिवशी हा माणूस जिवंत होता एवढं नक्की.

स्कॉटलंडची माई
किती सुंदर शब्द आहे हो हा.

रानवाट
आणि कटहादीला पण तसंच एक कार्ड करा, त्याच्या शेजारी.

पुस्तककिडा
करतो. कटहादी, वासिष्ठीपुत्र. आडनाव आधी लिहायचा प्रश्नच नाही.

गोदाकाठ
एप्रिलच्या शेवटी परत जायचं ठरवतोय, फर्दापूर म्हणतात तसा झाडोरा नसताना. आधी पलीकडच्या कड्यावरून बघायचं, मग खाली उतरून दहा नंबर. कोणी येणार का? आई तर तयारच आहे.

तालीमवाला
मी येतो. कोल्हापूरहून रात्रीची गाडी धरतो.

फर्दापूर
या सगळे, मी वर व्ह्यू पॉईंटला भेटतो. पाणी भरपूर आणा, ऊन फार असतं. गाड्या टी पॉईंटला लावायच्या, पुढे बस. आणि सोमवार सोडून या, सोमवारी लेणी बंद असतात.